ज्याला युद्ध येत नाही, त्यानं सेनापतींशी कसं वागावं?
यशवंतराव चव्हाण, त्यांचं घर आणि १९६५ चं युद्ध

(यवतमाळ इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता अब्राहम लिंकनचा. युद्धाच्या काळातला राष्ट्राध्यक्ष, त्याचं घरचं आयुष्य आणि त्याचे सेनापतींशी संबंध. मी म्हटलं, लिंकनवर बोलायला हरकत नाही, पण त्याच्यावर इंग्रजीत ढीगभर पुस्तकं आहेत. आपल्याकडे असा माणूस झाला नाही का? झाला. तो राष्ट्राध्यक्ष नव्हता, संरक्षणमंत्री होता. कराडचा. तेव्हा आज मुख्यतः यशवंतरावांविषयी बोलू. लिंकन मध्येमध्ये येईल, पाहुणा म्हणून.

यवतमाळात यशवंतरावांचं नाव काढलं की काहींच्या कपाळावर आठी येते, हे मला माहीत आहे. विदर्भ महाराष्ट्रात आला तो त्यांच्या काळात. आपल्या वणीचे बापूजी अणे वेगळ्या विदर्भासाठी लोकसभेत बसले होते. उलट पुसदकडची मंडळी म्हणतील, वसंतराव नाईकांना मंत्रिमंडळात आणलं ते यशवंतरावांनीच. हे भांडण आज बाहेर ठेवू, चपलांसारखं. जाताना ज्यानं त्यानं आपापलं घालून जावं.

एक गंमत आधी सांगतो. आपल्या घटनेनुसार तिन्ही सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असतं. १९६२ ला आणि १९६५ ला राष्ट्रपती कोण होते? डॉ. राधाकृष्णन. म्हणजे दोन्ही युद्धांत आपले सर्वोच्च सेनापती तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते! मी आयुष्यभर तोच विषय शिकवला, त्यामुळे मला याचं फार कौतुक. पण प्रत्यक्षात हुकूम द्यायचे ते पंतप्रधानांनी आणि संरक्षणमंत्र्यांनी. तेही सैनिक नव्हते. शास्त्रीजी शिक्षकाच्या घरातले. यशवंतराव वकिली शिकलेले, शेतकरी कुटुंबातले.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्याला एखादा धंदा येत नाही, त्यानं तो धंदा करणाऱ्यांना हुकूम कसा द्यावा? लोकशाहीत हे टळत नाही. बंदूक ज्याच्या हातात, त्याच्याच हातात निर्णय दिला तर काय होतं, ते शेजारी पाकिस्तानात आपण पाहिलं. १९६५ ला तिकडे अयूब खान होते. स्वतःच राष्ट्राध्यक्ष, स्वतःच फील्ड मार्शल. आपण तो रस्ता घेतला नाही. पण मग न कळणाऱ्यानं कळणाऱ्याशी वागायचं कसं, हा प्रश्न आपल्या गळ्यात येतो.

अ‍ॅरिस्टॉटलनं याला एक उत्तर दिलंय. तो म्हणतो, घर बांधतो गवंडी, पण घर चांगलं की वाईट हे त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं. जेवणाची पारख स्वयंपाक्यापेक्षा जेवणाऱ्याला. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश व्हायची. पण युद्धात अडचण अशी की जेवण बिघडलं हे कळेपर्यंत पंगत उठलेली असते. परीक्षा आधी करायची असते आणि ती करायला लागणारं ज्ञान आपल्याकडे नसतं.

पडझडीच्या दिवशी दिल्लीत

१९६२ ची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. बुद्धीनं तल्लख, जिभेनं तिखट. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांचं आणि त्यांचं पटेना. १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घातली आणि तो परत घ्यायला लावला. पण सेनेत जे समजायचं ते सगळे समजले. पुढे लढाईचा फारसा अनुभव नसलेले लेफ्टनंट जनरल कौल यांना ऐन वेळी ईशान्येच्या आघाडीवर कोअरचे प्रमुख नेमलं. ते आजारी पडले आणि दिल्लीतल्या अंथरुणावरून आघाडी सांभाळत राहिले. पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, एका माणसावर ढकलू नये. पण मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास लढाईच्या आधीच फाटलेला होता, एवढं खरं.

मेनन गेले. जनरल थापर गेले. लष्करप्रमुखपदावर जनरल जे. एन. चौधरी आले आणि मुंबईहून मुख्यमंत्री यशवंतरावांना बोलावणं आलं. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून ऐकलेलं. पण तो धावत पोचला तेव्हा लढाई थांबलेली होती. त्याच्या वाट्याला आला तो पराभवाचा पसारा.

आता ही दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. जनरल चौधरी सँडहर्स्टला शिकलेले, घोडदळाच्या परंपरेतले, रुबाबदार, बोलण्यात वाकबगार. १९४८ च्या हैदराबाद कारवाईचं नेतृत्व त्यांचं. १९६१ ला गोवा घेतला तेव्हा दक्षिण कमांड त्यांच्याकडे. आणि समोर यशवंतराव. देवराष्ट्र्यात आजोळी जन्मलेले, वडील कोर्टात बेलिफ आणि तेही हे चार-पाच वर्षांचे असताना प्लेगनं गेलेले. एकाला पोलोचं मैदान माहीत, दुसऱ्याला कृष्णेचा घाट. पण चव्हाण-चौधरी जोडी टिकली, आणि ती कशी टिकली यात शिकण्यासारखं आहे.

यशवंतरावांनी एक साधी पद्धत सुरू केली. सकाळची बैठक. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव एका टेबलाशी बसायचे. यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. पण मेननच्या काळात कोण कुणाला परस्पर भेटतो, कुणाचा माणूस कोण, याचीच चर्चा असायची. सगळे एकाच खोलीत बसले की कानगोष्टींची किंमत उतरते. ग्रामपंचायतीत काम केलेल्याला हे पुस्तक न वाचता कळतं.

दुसरी गोष्ट, पराभवाच्या चौकशीची. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांची कुवत, या सगळ्यांतल्या उणिवा मान्य केल्या. अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही. बळीचे बकरे शोधायचे नाहीत आणि सेनेचं मनोधैर्य जपायचं, ही त्यांची भूमिका. सेनापतींना त्यामुळे भरवसा वाटला. पण ज्या घरातला मुलगा त्या बर्फात गेला, त्या घराला सत्य कळायचा हक्क होता की नव्हता? सरकारनं तो अहवाल अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. विश्वास विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत कधी कधी तिसराच माणूस भरतो, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग सेना नव्यानं उभी करण्याचं काम झालं. १९६४ ला पंचवार्षिक संरक्षण योजना ठरली. सव्वाआठ लाखांचं सैन्य, डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन, हवाईदलाच्या पंचेचाळीस तुकड्या. हे काम कंटाळवाणं असतं, त्यावर सिनेमे निघत नाहीत.

घर

आता घराकडे येतो. घर म्हणजे कुतूहल शमवायची जागा, असं मी मानत नाही. पण माणूस निर्णय घेतो तेव्हा तो कुठून तरी आलेला असतो.

यशवंतरावांची आई विठाबाई. निरक्षर. नवरा गेल्यावर मुलांना घेऊन कराडला राहिल्या. थोरल्या ज्ञानोबांना वडिलांच्या जागी नोकरी लागली, त्यावर घर चाललं. तरुण यशवंता तुरुंगात गेला, तेव्हा कुणीतरी सुचवलं की माफी मागितली तर पोरगं सुटेल. विठाबाईंनी साफ नकार दिला. हे त्यांनी स्वतः 'कृष्णाकाठ'मध्ये सांगितलंय.

२ जून १९४२ ला लग्न झालं. वेणूताई फलटणच्या. दोन महिन्यांत 'चले जाव' सुरू झालं आणि नवरा भूमिगत. नवरा सापडत नाही म्हणून पोलिसांनी नव्या नवरीला अटक केली. त्या तुरुंगात गेल्या, बाहेर आल्या त्या तब्येत बिघडवून. आजारी बायकोला भेटायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले. त्याच धामधुमीच्या काळात थोरले ज्ञानोबा वारले. मधले भाऊ गणपतराव, ज्यांनी यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या, ते पुढे क्षयानं गेले. मूलबाळ झालं नाही. भावांच्या मुलांचं घर हेच यांचं घर.

मला यात एक गोष्ट दिसते. या माणसानं तरुणपणी जे निर्णय घेतले, त्यांची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनी भरली. आईनं, बायकोनं, भावांनी. ज्या खोलीत निर्णय होतो, त्या खोलीत किंमत भरणारा नसतो. पुस्तकात वाचलेलं विसरायला होतं, घरात पाहिलेलं विसरत नाही.

आणि ऑगस्ट १९६५ मध्ये विठाबाई गेल्या. तो महिना बघा. ५ ऑगस्टपासून पाकिस्तानी घुसखोर काश्मीरमध्ये उतरलेले. २८ ऑगस्टला आपल्या सैन्यानं हाजीपीर खिंड घेतली. १ सप्टेंबरला छांबवर रणगाड्यांचा हल्ला. आईचं सुतक आणि युद्धाची तयारी एकाच वेळी. लिंकनच्या बाबतीतही असंच झालं. २० फेब्रुवारी १८६२ ला त्याचा अकरा वर्षांचा विली तापानं गेला. बायको मेरी पार कोसळली. आणि नवरा पोर पुरून पुन्हा सेनापतींच्या तारा वाचायला बसला.

इथं मोह होतो की आईच्या दुःखातून निर्णयाचं बळ आलं वगैरे लिहावं. तसं मी म्हणणार नाही. माणसाच्या दुःखाचा आणि त्याच्या सहीचा असा सरळ धागा कुणालाच दाखवता येत नाही. एवढंच म्हणतो की १ सप्टेंबरला त्या खुर्चीत बसलेला माणूस नुकताच पोरका झालेला होता, आणि त्यानं ते दुःख बैठकीत आणलं नाही.

१ सप्टेंबरची दुपार

त्या दुपारी चारच्या सुमाराला दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयात जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग आले. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूकडची वाट धोक्यात आली असती. चौधरींनी विमानं मागितली. दिवस मावळायला फार वेळ नव्हता.

प्रश्न लहान नव्हता. १९६२ ला आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, युद्ध पसरेल या भीतीनं. आता ती वापरायची म्हणजे युद्ध मोठं होणार. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक बोलावली असती तर अंधार पडला असता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. साडेपाच वाजायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली होती.

त्या संध्याकाळी जुनी झालेली चार व्हॅम्पायर विमानं पडली. तीन वैमानिक गेले, एक छत्रीनं उतरून वाचला. गोंधळात आपल्याच फौजेवरही काही मारा झाला. तरी छांबची चाल मंदावली आणि पुढे अखनूर वाचलं. होकार देताना यशवंतरावांना कोणती विमानं, किती, कशी, हे सांगता आलं नसतं. त्यांनी ते सांगितलंही नाही. पण 'विमानं वापरायची का?' हा प्रश्न सेनापतीचा नव्हता. तो राज्यकर्त्याचा होता, आणि ते त्यांनी ओळखलं. कसं लढायचं ते तुम्ही ठरवा, लढायचं की नाही याचा जाब माझ्याकडे. ही वाटणी त्यांना स्पष्ट होती.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावात रेडिओ एकच, संध्याकाळी त्याच्याभोवती सगळा गाव. सोमवारी रात्री जेवायचं नाही, हे शास्त्रीजींचं आवाहन आमच्या आजीनं एकादशीसारखं पाळलं. आम्हाला वाटायचं, दिल्लीतल्या लोकांना सगळं माहीत असतं. त्या खुर्चीत बसलेल्यालाही माहीत नसतं, हे कळायला मला पुढची पन्नास वर्षं लागली.

डळमळलेला सेनापती

६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेलं. पहिले दिवस उत्साहाचे, मग खेमकरणच्या बाजूनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे घुसले. यशवंतराव त्या वर्षी इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकरूपानं आणली. त्यात कसूर भागात मागं यावं लागलं त्या कठीण दिवसाची नोंद आहे. लष्करप्रमुख जरासे अनिश्चित वाटले, असं ते लिहितात. आणि आपण त्यांना आघाडीवर जाऊन यायला सुचवलं, म्हणजे वास्तवाशी संबंध राहील, असंही.

मला ही नोंद फार मोलाची वाटते. बघा, मंत्र्याला दिसतंय की सेनापती डळमळलाय. त्याच्यापुढे रस्ते किती? ओरडता आलं असतं. बदलता आलं असतं. नकाशा ओढून स्वतः हुकूम देता आला असता, तेही इतिहासात अनेकांनी केलंय. यांनी फक्त म्हटलं, जरा पुढे जाऊन या. माणसाचा आब ठेवला आणि त्याला खऱ्या परिस्थितीकडे ढकललं. घरात वडीलधाऱ्याचा तोल जातो तेव्हा समजूतदार माणूस असंच करतो.

त्या आघाडीवर पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग होते. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की चौधरींनी त्यांना बियास नदीमागे सरकायला सांगितलं आणि त्यांनी नकार दिला. या प्रसंगाबद्दल जाणकारांत वाद आहे. वादातीत काय, तर आपलं सैन्य बियासमागे गेलं नाही आणि असल उत्तरच्या उसाच्या, पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रणगाडे अडकून फुटले. परमवीर अब्दुल हमीद तिथलेच.

एक गोष्ट नौदलाची. नौदलप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सोमण, म्हणजे मंत्रीही मराठी आणि नौदलप्रमुखही मराठी. सोमणांना समुद्रावर लढायचं होतं. सरकारनं नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ नका म्हणून सांगितलं. तिकडे इंडोनेशियामुळे अंदमानचीही काळजी होती. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या तरी बंधन उठलं नाही. सोमणांनी हरकत घेतली. उत्तर नाहीच आलं. आपल्या भाषेच्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं. ते बरोबर होतं की चूक, यावर नौदलातली मंडळी आजही तावातावानं बोलतात.

न विचारलेला प्रश्न

आता माझ्या मनाला सर्वांत जास्त टोचणारा भाग. सप्टेंबरच्या विशीत युद्धबंदीसाठी जगाचा दबाव वाढला. चीननं निर्वाणीचा इशारा दिला होता. अमेरिका-ब्रिटननं शस्त्रं थांबवली होती. शास्त्रीजींनी जनरल चौधरींना विचारलं, अजून काही दिवस लढलो तर निर्णायक विजय मिळेल का? चौधरींनी सांगितलं, आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा संपलाय, रणगाड्यांचीही बरीच हानी झालीय. २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं.

नंतर हिशोब लागला. संरक्षण मंत्रालयानंच तयार करून घेतलेल्या युद्धेतिहासात आहे की आघाडीवरचा साधारण १४ टक्के दारूगोळाच वापरला गेला होता. आणि शिल्लक रणगाडे आपल्याकडे पाकिस्तानच्या जवळपास दुप्पट होते.

मंडळी, थांबून विचार करा. चौधरी खोटं बोलले असं मी म्हणत नाही. थकलेल्या, सावध माणसाला वाटलं ते त्यांनी सांगितलं असेल. युद्ध त्या एका उत्तरामुळेच थांबलं, असंही नाही. बाकीची कारणं मी सांगितली. पण 'कोठारात किती आहे?' हा प्रश्न रणनीतीचा नाही. तो वाणसामानाचा प्रश्न आहे. तो विचारायला सँडहर्स्ट लागत नाही. आकडे तपासायची जागा मंत्रालय. ज्या यशवंतरावांनी १ सप्टेंबरला आपला प्रश्न अचूक ओळखला, त्यांच्या खात्यात या वेळी तो प्रश्न कुणी नीट विचारला नाही.

का? मला वाटतं, विश्वासामुळे. मेननच्या ढवळाढवळीनं पोळलेल्या खात्यात त्यांनी तीन वर्षं विश्वास जमवला होता. अशा वेळी 'कशावरून म्हणता?' असं विचारणं अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. आपण ढवळाढवळ करत नाही, याचा माणसाला अभिमान होतो आणि त्या अभिमानात चौकशी राहून जाते.

हे मी दिल्लीकडे बोट दाखवून बोलत नाहीये. मी दोन वर्षं एका कॉलेजात प्रभारी प्राचार्य होतो. प्रयोगशाळेच्या एका खोलीचं छत गळत होतं. बांधकाम पाहणाऱ्यांनी लिहून दिलं, काळजीचं कारण नाही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. म्हटलं, मला यातलं काय कळतं? सही केली. पुढच्या पावसाळ्यात स्लॅबचा तुकडा खाली आला आणि आमच्या शिपायाच्या खांद्यावर पडला. माणूस वाचला, हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही. मला छत कळत नव्हतं, हा माझा दोष नव्हता. पण 'कशावरून म्हणता, वर चढून पाहिलंत का?' एवढं विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी नम्रता समजून जे केलं, तो आळस होता. हे मला त्याच्याकडे दवाखान्यात जाऊन बसल्यावर कळलं.

लिंकनकडून इथं एक शिकता येतं. त्यानं जानेवारी १८६२ ला काँग्रेसच्या ग्रंथालयातून युद्धशास्त्राचं पुस्तक घरी नेलं, मुलगा आजारी पडायच्या काही आठवडे आधी. युद्धखात्याच्या तारघरात तो तासन्‌तास बसायचा, येणाऱ्या तारा स्वतः वाचायचा. जनरल मॅक्लेलननं एकदा त्याला घरी ताटकळत ठेवलं आणि सरळ झोपायला निघून गेला. लिंकननं अपमान गिळला. पण मॅक्लेलन शत्रूची संख्या फुगवून सांगतो, हे लक्षात आल्यावर प्रश्न विचारणं सोडलं नाही आणि शेवटी नोव्हेंबर १८६२ मध्ये त्याला दूर केलं. गेटिसबर्गनंतर जनरल मीडनं शत्रूला निसटू दिलं, तेव्हा रागानं एक पत्र लिहिलं आणि पाठवलंच नाही. म्हणजे अपमान गिळायचा, राग कागदावर ठेवायचा, पण आकडा विचारायचा. या तिन्ही गोष्टी एकत्र जमणं फार अवघड आहे. यशवंतरावांना पहिल्या दोन उत्तम जमल्या.

न लिहिलेलं पुस्तक

यशवंतराव आत्मचरित्र तीन खंडांत लिहिणार होते. 'कृष्णाकाठ', 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ'. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. १९८४ ला 'कृष्णाकाठ' आलं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. दिल्लीचा खंड, ज्यात हे सगळे सेनापती आले असते, तो राहून गेला. परदेशातून ते वेणूताईंना पत्रं लिहीत, ती पुढे छापली गेली. जगभर हिंडणारा मंत्री दिवसाचा हिशोब घरी देत होता. कुणीतरी आपल्याला विचारणारं असावं, ही गरज त्यांना होती. १९६५ च्या त्या शेवटच्या आठवड्यात असं विचारणारं कुणी टेबलाशी असतं तर, असं मला वाटून जातं.

तुम्ही-आम्ही युद्ध चालवणार नाही. पण डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, कुणा ना कुणा जाणकारासमोर आपण रोज बसतो. त्यांचं काम त्यांना करू द्यावं. आणि जाब आपल्यालाच द्यायचा असेल तर 'कशावरून?' हे नम्रपणे, पण विचारावं. एवढंच माझं सांगणं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, मंत्र्यांनी असं विचारत बसायचं ठरवलं तर मेननसारखंच होणार नाही का?

उत्तर: चांगला प्रश्न. फरक असा. आपल्या मर्जीतल्या माणसाला वर चढवणं, खालच्या अधिकाऱ्यांना परस्पर बोलावणं, चौकी कुठं ठेवायची हे दिल्लीतून सांगणं, ही ढवळाढवळ. किती आहे, कधी मोजलं, कुणी मोजलं, हे सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे जबाबदारी. पहिल्यात आपण आपलं मत लादतो, दुसऱ्यात समोरच्याला त्याचंच मत तपासायला लावतो. यशवंतरावांची सकाळची बैठक ही त्यासाठी उत्तम जागा होती.

प्रश्न: मग यशवंतराव तुमच्या मते यशस्वी की अयशस्वी?

उत्तर: बाबा, मी परीक्षक म्हणून फार वर्षं पेपर तपासले, आता गुण देणं सोडलंय. मोडलेली सेना तीन वर्षांत उभी राहिली आणि तिनं हल्ला परतवला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. सेनेनं राज्यकर्त्यांच्या हुकमात राहावं आणि त्यात तिला कमीपणा वाटू नये, ही सवय त्यांनी घट्ट केली. एक प्रश्न विचारायचा राहिला. मोठ्या माणसाची चूक सांगताना आपला आवाज चढू नये, कारण ती चूक आपणही करतो, आणि आपल्या वेळी तर शत्रूही समोर नसतो.